दाणा बनतो तेव्हाच ठरतं, तो परत वितळणार की नाही

फोमचं रिसायकलिंग म्हटलं की बोलणं लगेच कचऱ्याच्या डब्यावर येतं, वेगळा ठेवा, गोळा करा, कोण घेतं, कोण घेत नाही वगैरे. ते सगळं महत्त्वाचं आहेच. पण मला कायम वाटत आलंय की खरा निर्णय त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. थर्माकोलसारखा फोम ज्या बारीक दाण्यांचा बनतो तो दाणा कशाचा करायचा, त्यात काय मिसळायचं, त्याला कशाने फुगवायचं आणि फुगल्यावर तो कशाच्या जोरावर उभा राहणार हे जेव्हा कुणीतरी ठरवतं ना, तेव्हाच त्या दाण्याला पुढे दुसरा जन्म आहे की नाही ते ठरून जातं. नंतर कितीही मेहनत घेतली तरी ते बदलत नाही. म्हणून आज दाण्याबद्दलच लिहितोय, जरा लांबेल.

टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातला पांढरा साचा मोडून बघितला की आत एकमेकांना चिकटलेले दाणे दिसतात. सायकलच्या हेल्मेटच्या आत तेच, गाडीच्या बंपरच्या मागे तेच, औषधं थंड ठेवायच्या डब्यात तेच. लोक विचारतात, एवढं कशाला, सरळ अख्खा ठोकळा फुगवून कापायचा की. पण ठोकळा कापला की तुकडे वाया जातात, आणि कोपरे, खाचा, कमी-जास्त जाडी असले आकार कापून काढणं अवघड पडतं. दाणे मात्र हवेच्या झोताने पाइपातून साच्यात भरता येतात, कानाकोपऱ्यात जाऊन बसतात, मग वाफ सोडली की पुन्हा थोडे फुगतात, एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांची सालं एकमेकांत वितळून जोडली जातात. ना गोंद, ना स्क्रू. हे जोडणं म्हणजे या धंद्याचा जीव आहे. पार्ट चांगला जोडला गेलाय का ते बघायची जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची रीत म्हणजे तो मोडायचा आणि तुटलेली बाजू बघायची. दाणे मधोमध फाटले असतील तर जोड पक्का, आणि अख्खे गोल दाणे शाबूत सुटून आले असतील तर वाफ कमी पडली किंवा दाण्यावर काहीतरी बसलंय.

आता थर्माकोल, म्हणजे ईपीएस, फुगवलेलं पॉलिस्टायरीन. १९५० च्या आसपास जर्मनीत बीएएसएफ या रसायन कंपनीत फ्रिट्झ स्टास्टनी या संशोधकाने पॉलिस्टायरीन फुगवायची ही पद्धत शोधली आणि तिचं गणित आजही जवळपास तेच आहे. पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यात ५-६ टक्क्यांच्या आसपास पेंटेन मुरवून ठेवलेलं असतं. पेंटेन ३६ अंशालाच उकळतं, पण पॉलिमर (म्हणजे ते प्लास्टिक) घट्ट असेपर्यंत ते आत अडकून राहतं. १०० अंशाच्या आसपास वाफ दिली की पॉलिस्टायरीन मऊ पडतं, पेंटेन पसरतं आणि मणी चाळीस-पन्नास पट फुगतो. गार झाला की आतला पेंटेनचा वाफारा परत द्रव होतो, सेलमध्ये (म्हणजे दाण्यातल्या बारीक बंद कप्प्यांमध्ये) अर्धवट पोकळी तयार होते आणि दाणा इतका नाजूक असतो की दाबला तर चपटा होऊन तसाच राहतो. म्हणून त्याला जाळीच्या कापडाच्या सायलोमध्ये (मोठ्या साठवण-कोठीत) काही तास ठेवतात, हळूहळू बाहेरची हवा आत शिरते आणि दाणा ताठ होतो. मग मोल्डिंग. एक गैरसमज इथेच काढून टाकतो, थर्माकोल म्हणजे ओझोनचा थर खाणारे सीएफसी असं अजूनही बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे, पण दाण्याचा ईपीएस हा पहिल्यापासून मुख्यतः पेंटेनवरच चालत आलाय. पेंटेनचा प्रश्न वेगळा आहे, ते भुरकन पेट घेतं, त्यामुळे सायलोची जागा हवेशीर ठेवावी लागते आणि ठिणगीची काळजी घ्यावी लागते.

ईपीएसची सोय अशी की न फुगवलेला मणी पोत्यात भरून कुठेही पाठवता येतो आणि जिथे पार्ट बनवायचाय तिथेच फुगवता येतो. हलका आहे, उष्णता छान अडवतो, स्वस्त आहे. पण एकदा जोरात दणका बसला की त्याचे सेल चिरडतात आणि परत उठत नाहीत. हेल्मेटमध्ये तेच हवं असतं, चिरडता चिरडता तो धक्का खातो (म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं असतं). पण ज्या वस्तूला दहा वेळा उचलून ठेवायचंय, प्रत्येक वेळी थोडा धक्का बसणारे, तिथे हे चालत नाही.

तिथे येतं ईपीपी, फुगवलेलं पॉलिप्रोपिलीन. माझा खरा जीव इथे अडकलाय.

पॉलिप्रोपिलीनचा स्वभाव पूर्ण वेगळा. पॉलिस्टायरीनमध्ये रेणूंच्या साखळ्या अस्ताव्यस्त असतात, त्यामुळे ते तापवलं की हळूहळू मऊ होत जातं आणि फुगवायला भरपूर वाव मिळतो. पॉलिप्रोपिलीनमध्ये साखळ्यांचा बराच भाग घडी घालून स्फटिक बनून बसलेला असतो. स्फटिक वितळेपर्यंत ते कडक, आणि वितळले की एकदम पातळ, ओघळायला लागतं, गॅसचा बुडबुडा धरून ठेवायची ताकदच उरत नाही. म्हणजे फुगवायला जी खिडकी मिळते ती मोजक्या अंशांची. शिवाय गॅस त्याच्या आत टिकत नाही, पेंटेनसारखं मुरवून पोत्यात भरून ठेवता येत नाही, त्यामुळे ईपीपीचे दाणे बहुतेक वेळा फुगवूनच पाठवावे लागतात आणि ट्रकमधून मुख्यतः हवाच फिरते.

मग करतात काय, तर आधी पॉलिप्रोपिलीन एक्स्ट्रूडरमधून (प्लास्टिक वितळवून स्क्रूने पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून) काढून एखाद-दोन मिलिग्रॅम वजनाचे बारीक दाणे कापतात. नुसतं पॉलिप्रोपिलीन घेत नाहीत, थोडं एथिलीन साखळीत मध्ये मध्ये गुंफलेलं रँडम कोपॉलिमर घेतात, कारण साधं पॉलिप्रोपिलीन १६० च्या वर वितळतं आणि हे १४०-१५० च्या आसपास. हे बारीक दाणे पाण्याबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) घालायचे, सोबत ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा केओलिनसारखी बारीक पूड म्हणजे मऊ पडलेले दाणे एकमेकांना चिकटणार नाहीत, थोडं साबणासारखं काहीतरी, आणि वरून दाबाखाली कार्बन डायऑक्साइड. ढवळत राहायचं, तापमान वितळणबिंदूच्या अगदी जवळ न्यायचं आणि तिथे धरून ठेवायचं. मग खालचा व्हॉल्व्ह उघडला की सोड्याच्या बाटलीचं झाकण उडाल्यासारखं होतं, दाणे पाण्यासकट बाहेर फेकले जातात, आत विरघळलेला गॅस क्षणात सुटतो आणि दाणा फुगून लगेच गार पडून तसाच थिजतो.

ते धरून ठेवणं जे आहे ना, काही मिनिटांचं, त्यात सगळी गंमत आहे. त्या तापमानाला सगळे स्फटिक वितळत नाहीत. कच्चे, पातळ स्फटिक वितळतात आणि जे टिकतात ते त्या उष्णतेत आणखी पक्के, जाड होत जातात, त्यांचा वितळणबिंदू वर सरकतो. दाणा फुगून गार झाला की वितळलेल्या भागातून परत नवे साधे स्फटिक बनतात. म्हणजे एकाच दाण्यात दोन प्रकारचे स्फटिक, एक लवकर वितळणारे, एक उशिरा. डीएससी मशीनवर (तापवताना पदार्थ किती उष्णता शोषतो ते मोजणाऱ्या) तापवून बघितलं की आलेखात दोन खड्डे स्पष्ट दिसतात. मोल्डिंग करताना वाफेचं तापमान या दोघांच्या मधोमध ठेवायचं, मग लवकर वितळणारे स्फटिक वितळून शेजारच्या दाण्याला जोड देतात आणि उशिरा वितळणारे दाण्याचा सांगाडा धरून ठेवतात. उशिराचे जास्त झाले तर वाफेचा दाब वाढवावा लागतो आणि तरीही जोड कच्चा राहतो, कमी झाले तर साच्यातून निघालेला पार्ट आक्रसून जातो. ईपीएसला एखाद बारच्या आसपास दाबाची वाफ पुरते, ईपीपीला साधारण अडीच ते चार बार लागते, आणि नंतर बहुतेक वेळा ८० अंशाच्या भट्टीत काही तास ठेवावं लागतं तेव्हा कुठे आक्रसलेला पार्ट आपल्या मापाला येतो.

हे एवढं खोलात सांगितलं कारण रिसायकलिंगचा मुद्दा नेमका इथे आहे. ईपीपीच्या दाण्याला उभं ठेवणारी गोष्ट स्फटिक आहेत, आणि स्फटिक तापवले की वितळतात, गार केले की परत बनतात. साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधलेल्या नाहीत. त्यामुळे जुना बंपरचा फोम दळून, वितळवून, परत पॉलिप्रोपिलीनचे दाणे करता येतात. फुगवायची ती अरुंद खिडकी रुंद करायचा दुसरा सोपा मार्गही आहे, क्रॉसलिंकिंग. पेरॉक्साइड किंवा रेडिएशन वापरून साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधून टाकायच्या. मग वितळल्यावरही माल ओघळत नाही, बुडबुडे छान धरतो, फोम मऊ, गुळगुळीत, एकसारखा येतो. पॉलिथिलीनचे कितीतरी फोम असे बनतात, बुटाच्या तळव्यातला ईव्हीए तसाच. पण एकदा बांधलं की बांधलं, तो माल परत वितळून एक्स्ट्रूडरमधून जात नाही, दळून भराव म्हणून वापरा, चुरा चिकटवून चटया करा, पण त्याचा नवा दाणा होत नाही. पॉलियुरेथेनच्या नेहमीच्या उशी-गाद्यांच्या फोमचंही तेच. बनवणाऱ्याचं काम सोपं झालं आणि त्याची किंमत पुढच्याने भरली, असं मी याकडे बघतो.

म्हणून मला खरं कौतुक वाटतं ते क्रॉसलिंक न करता खिडकी रुंद करणाऱ्या युक्त्यांचं. एक म्हणजे दोन थरांचा दाणा. आत नेहमीचं पॉलिप्रोपिलीन आणि वर पातळ साल कमी तापमानाला वितळणाऱ्या पॉलिप्रोपिलीनचीच. साल आधी वितळते, जोड लवकर बसतो, वाफेचा दाब कमी लागतो, आणि शेवटी सगळं एकाच जातीचं असल्यामुळे परत वितळवताना काही वेगळं करावं लागत नाही. दुसरी युक्ती, लांब फांद्या असलेलं पॉलिप्रोपिलीन, ज्याच्या साखळ्या वितळल्यावरही एकमेकींत गुंतून राहतात. त्यावर ऑटोक्लेव्हशिवाय काम चालतं, एक्स्ट्रूडरमध्येच दाबाखाली कार्बन डायऑक्साइड सोडायचा, तो ३१ अंश आणि साधारण ७४ बारच्या वर धड गॅसही राहत नाही आणि धड द्रवही, वितळलेल्या मालात मस्त विरघळतो, आणि डायच्या (माल बाहेर पडतो त्या भोकांच्या चकतीच्या) तोंडाशी पाण्याखाली फिरणाऱ्या सुऱ्यांनी दाणे कापायचे. काम सलग चालतं, बॅच नाही, ती फॉस्फेटची पूड नाही, त्यामुळे ती ॲसिडने धुवायची आणि ते पाणी परत साफ करायची भानगड नाही. (पूड नीट धुतली गेली नाही तर सालावर बसून राहते आणि मघाशी म्हटलं ते अख्खे सुटणारे दाणे दिसायला लागतात.) अडचण अशी की असं फांद्यावालं पॉलिप्रोपिलीन महाग असतं, आणि ऑटोक्लेव्हमध्ये आयतेच मिळणारे ते दोन जातींचे स्फटिक इथे तसे मिळत नाहीत, जोडाची सोय वेगळी करावी लागते.

गॅसबद्दलही थोडं. ईपीपीच्या सुरुवातीच्या पेटंटांमध्ये डायक्लोरोडायफ्लोरोमिथेन, म्हणजे जुन्या फ्रिजमधलाच सीएफसी, फुगवायला वापरलेला दिसतो. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो रस्ता बंद होत गेला आणि कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, साधी हवा यांच्यावर काम सरकलं. हे गॅस सीएफसीच्या मानाने पॉलिमरमध्ये कमी विरघळतात, पटकन निसटतात, त्यामुळे अगदी हलका दाणा मिळवणं कठीण झालं. त्यावर तोडगा म्हणून एकदा फुगवलेला दाणा दाबाखालच्या हवेत ठेवायचा, आत हवा भरली की वाफेने दुसऱ्यांदा फुगवायचा. काम वाढलं. पण दाण्याच्या पोटात आता हवेशिवाय काही नाही, ना जळणारं, ना वातावरण बिघडवणारं, आणि दळताना वितळवताना त्यातून काही विचित्र बाहेर येत नाही.

आता दाणा वितळू शकतो हे झालं, पण तो वितळवायला आणायचा कसा? २० ग्रॅम प्रति लिटर घनतेचा एक टन फोम म्हणजे ५० घनमीटर जागा. तेच पॉलिप्रोपिलीन भरीव असेल तर एक घनमीटरपेक्षा थोडं जास्त. कुठलीही गाडी वजनाने भरायच्या आधी आकाराने भरते. म्हणून जिथे फोम जमा होतो तिथेच कॉम्पॅक्टर हवा. स्क्रूच्या दाबाने थर्माकोल दाबून लांब चौकोनी ठोकळे काढतात, ३०० किलो प्रति घनमीटरपर्यंत सहज जातं, मग वाहतूक परवडते. ईपीपी मात्र दाबलं की परत उठतं, ज्या गुणासाठी ते वापरलं तोच इथे आडवा येतो, त्याला दळून थोडं वितळवूनच बसवावं लागतं.

आणि त्या फोमबरोबर काय काय येतं ते बघा. चिकटपट्टी, कागदी लेबल, गोंदाने लावलेला कापडाचा थर, मोल्डिंग करताना आत बसवलेली धातूची पट्टी. यातल्या प्रत्येक गोष्टीला पर्याय आहे. लेबल चिकटवण्याऐवजी साच्यातच नाव कोरता येतं. दोन भाग गोंदाने जोडण्याऐवजी खाच-खुंटी करता येते किंवा गरम करून एकमेकांवर वितळवून लावता येतात. वर कापड हवंच असेल तर तेही पॉलिप्रोपिलीनचंच घेता येतं. हे डिझाइनच्या टेबलवर काही मिनिटांचं बोलणं असतं आणि तिथे कुणी बोललं नाही तर पुढे कुणीतरी हातात सुरी घेऊन पट्ट्या खरवडत बसतो. ज्याने पट्टी लावायला सांगितली आणि जो ती खरवडतो त्यांची कधी गाठच पडत नाही, मला हे फार खटकतं.

दळलेला, वितळवलेला माल परत दाण्यात घालायचा म्हटलं की पुढची लढाई. फोम दळून एक्स्ट्रूडरमध्ये घातला की सोबत भरपूर हवा जाते, आणि गरम पॉलिप्रोपिलीनला ऑक्सिजन मिळाला की साखळ्या तुटतात. तुटल्या की माल पातळ होतो, एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) वाढतो, आणि पातळ मालाला बुडबुडा धरता येत नाही हे आपण आधीच बघितलं. त्यामुळे आधी घट्ट करून घ्यायचं, व्हेंटमधून हवा ओढून काढायची, अँटिऑक्सिडंट परत घालायचं, बारीक जाळीतून गाळायचं. जाळी महत्त्वाची, कारण बारीक दाण्याच्या डायचं भोक मिलिमीटरच्या आसपासचं असतं, त्यात पीईटीचा किंवा नायलॉनचा न वितळलेला कण अडकला की ते भोक बंद. गाळूनही जी बारीक धूळ राहते ती आणखी एक उद्योग करते. बुडबुडे सुरू व्हायला कुठेतरी आधार लागतो, म्हणूनच आपण मुद्दाम टाल्क किंवा झिंक बोरेट मोजून घालतो, आता ही धूळसुद्धा तेच काम न मागता करायला लागते, त्यामुळे सेल बारीक आणि असमान येतात, सेलच्या भिंती पातळ होतात, मोल्डिंगला वाफेत फाटतात. मग मोजून घातलेलं टाल्क कमी करायचं आणि बॅचगणिक सेलचा आकार मायक्रोस्कोपखाली बघत राहायचं.

सगळ्यात त्रासदायक म्हणजे पॉलिथिलीनची भेसळ. बाटलीचं झाकण, पिशवी, असलं काहीतरी पॉलिप्रोपिलीनमध्ये येतंच, दोन्ही पाण्यावर तरंगतात त्यामुळे पाण्यात टाकून वेगळे होत नाहीत. डीएससीच्या आलेखात ११०-१३० च्या आसपास एक आगंतुक खड्डा दिसला की समजायचं. तो भाग दोन्ही पॉलिप्रोपिलीन स्फटिकांच्या आधीच वितळतो, दोन खड्ड्यांचं सगळं जमवलेलं गणित बिघडतं. थोडं असेल तर निभावतं, जास्त असेल तर तो माल दाण्यासाठी घेऊ नये, त्याची सरळ इंजेक्शन मोल्डिंगची बादली किंवा क्रेट करावी. सगळ्या रिसायकल मालाचा फोमच झाला पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण जिथून आलेला फोम एका जातीचा आणि स्वच्छ आहे, उदाहरणार्थ कारखान्यांमध्ये पार्ट ठेवायला फिरणारे ट्रे, ते एकाच मालकाकडे परत येतात, त्यांचा परत दाणा करणं सगळ्यात शहाणपणाचं. आणि ते ट्रे वितळवायच्या आधी वर्षानुवर्षं वापरता येतात, दणके खाऊन परत उठतात, हा फायदा तर कुठल्याही रिसायकलिंगपेक्षा मोठा आहे.

ईपीएसमध्ये परत वापरायची एक साधी वाट फार आधीपासून आहे, तुटलेले साचे भरडून त्यांचे सुटे दाणे ठोकळ्याच्या मोल्डिंगमध्ये नव्या दाण्यांबरोबर थोड्या प्रमाणात मिसळायचे. भरडलेल्या दाण्यात पेंटेन उरलेलं नसतं, ते स्वतः फुगत नाहीत, शेजारचे नवे दाणे फुगून त्यांना धरून ठेवतात, त्यामुळे प्रमाण वाढवलं की ठोकळा ठिसूळ होतो. दुसरी वाट म्हणजे वितळवून, परत पेंटेन सोडून, दाबाखालच्या पाण्यात कापून नवे मणी करायचे. ही मेहनतीची पण खरी परतफेड.

कुशनिंगकडे येतो, कारण रिसायकल दाण्याबद्दल खरेदीवाल्यांची पहिली शंका तीच असते की धक्का झेलेल का. ते अंदाजाने ठरवायचं नसतं. ठरावीक उंचीवरून वजन टाकून, आतल्या वस्तूला किती जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) एवढा झटका बसला ते मोजतात, आणि फोमवर येणारा भार बदलत बदलत आलेख काढतात. तो यू आकाराचा येतो. भार फार कमी असेल तर फोम दबतच नाही, वस्तूला कडक जमिनीवर आपटल्यासारखा झटका बसतो. फार जास्त असेल तर फोम तळाला टेकतो. मधल्या खोलगट भागात आपण असलो पाहिजे. पॅकिंगला जास्त फोम लावला की जास्त सुरक्षित असं वाटतं आणि ते कितीतरी वेळा उलटं असतं, टेकणारी जागा कमी केली की झटका कमी होतो आणि मालही वाचतो. रिसायकल दाण्याचा पार्ट घ्या, हाच आलेख काढा, पहिल्या आपटण्याचा आणि पाचव्या आपटण्याचाही, आणि नव्या दाण्याच्या आलेखाशेजारी ठेवा. घनता आणि सेल नीट जमले असतील तर घाबरण्यासारखं फार काही सापडत नाही.

इन्सुलेशनचं तर आणखी सोपं, कारण तिथे काम पॉलिमर कमी आणि हवा जास्त करते. स्थिर हवेची उष्णतावाहकता साधारण ०.०२५ वॅट प्रति मीटर केल्विन, आणि चांगल्या दाण्याच्या फोमची ०.०३० ते ०.०४० च्या दरम्यान. सेल इतके बारीक असतात की आतली हवा फिरूच शकत नाही. फोम फार हलका केला तर उष्णता किरणांच्या रूपाने पातळ भिंतींतून आरपार जायला लागते, म्हणून सगळ्यात हलका तोच सगळ्यात चांगला असं नसतं. त्यावर उपाय म्हणजे दाण्यात ग्रॅफाइट, किरणं अडतात, तेवढ्याच जाडीत इन्सुलेशन बरंच सुधारतं. दाणा राखाडी होतो. राखाडी माल परत पांढऱ्यात जात नाही, राखाडीतच जातो, ते मला चालण्यासारखं वाटतं.

चालण्यासारखं नव्हतं ते एचबीसीडी. इमारतींच्या ईपीएसमध्ये आग पसरू नये म्हणून हे ब्रोमिनचं रसायन वर्षानुवर्षं घालत आले, आणि २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचं नाव आलं, कारण ते निसर्गात टिकून राहतं आणि जिवांच्या शरीरात साठत जातं. आता पॉलिमरवर आधारलेली दुसरी रसायनं वापरतात. पण भिंतीत बसवलेलं इन्सुलेशन पन्नास वर्षं तिथेच राहतं, म्हणजे जुना माल अजून कितीतरी काळ भिंती पाडताना बाहेर येत राहणार, पॉलिस्टायरीन म्हणून उत्तम वितळणारा पण त्या एका रसायनामुळे सरळ वापरता न येणारा. तो विरघळवून रसायन वेगळं काढायच्या पद्धती आहेत, पण खर्च बघा. दाण्यात काय घालायचं हे ठरवणाऱ्याने पन्नास वर्षांपुढच्या माणसाचा विचार करावा असं मी म्हणतो ते यासाठीच.

पीएलएच्या दाण्यांबद्दल विचारणारे खूप असतात, वनस्पतींपासून बनतं, कार्बन डायऑक्साइडने फुगतं, साच्यात ईपीएससारखंच वागतं. चांगलं आहे, पण ६० अंशाच्या आसपासच मऊ पडायला लागतं, म्हणजे उन्हात उभ्या गाडीत भरवसा नाही, आणि खत व्हायला मोठ्या कंपोस्टिंग प्लांटमधली उष्णता लागते, परसातल्या खड्ड्यात पडून राहतं. जिथे ते गोळा करून त्या प्लांटला द्यायची सोय आहे तिथे जरूर वापरा. सोय नसेल तर ते ईपीएसच्या ढिगात मिसळतं आणि तो ढीगही खराब करतं, दिसायला दोन्ही सारखेच पांढरे. टीपीयूचे, म्हणजे रबरासारख्या लवचिक, वितळणाऱ्या पॉलियुरेथेनचे दाणे २०१३ पासून आदिदासच्या बुटांमुळे प्रसिद्ध झाले, तेही क्रॉसलिंक नसलेले, वितळणारे, पण बुटात ते रबराला, कापडाला चिकटवलेले असतात आणि तिथे परत तोच गोंदाचा प्रश्न.

सध्या मी सगळ्यात जास्त वेळ घालवतोय तो वासावर. रिसायकल पॉलिप्रोपिलीनला एक वास असतो, तुटलेल्या साखळ्यांमधून तयार झालेले छोटे रेणू आणि आधीच्या वापरातून मुरलेलं काहीबाही. भरीव पार्टमध्ये तो एक वेळ चालून जातो, पण फोममध्ये पृष्ठभाग प्रचंड, तो वास बंद सेलमध्ये साठून राहतो आणि गाडी तापली की हळूहळू बाहेर पडत राहतो. त्यामुळे ताकदीत, घनतेत, जोडात पास झालेला दाणा बंद बरणीत गरम करून नाकाने तपासतात तिथे नापास होतो. गरम हवेत सायलोमध्ये ग्रॅन्युल तासन् तास ठेवून वास बराच उतरतो, एक्स्ट्रूडरला दोनदा व्हॅक्यूम लावून आणखी उतरतो, पण जास्त वेळ गरम ठेवलं की परत ऑक्सिडेशन, परत साखळ्या तुटणार, परत एमएफआय वर. नेमकं किती तापवायचं आणि किती वेळ, हे प्रत्येक गठ्ठ्यामागे वेगळं निघतं, म्हणून गठ्ठा कुठून आला त्याची नोंद आता मी सोडत नाही. तुमच्यापैकी कुणी याच कामात असेल तर हवेचं तापमान आणि वेळ काय ठेवता ते खाली नक्की लिहा, आणि माल कशातून आलेला होता तेही.